पाय ठरत नाहीत

आक्का जीपमधून उतरली ती कुणाकडे न बघता सरळ आत आली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. डोक्यावरून घसरलेला पदरही तिने सावरला नाही. पायडलवर पाय ठेवले आणि मशीन सुरू केली.

"अगं, दोरा तरी ओव," मी म्हणाले.

"असू दे."

सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. चाक गरगर फिरत होतं आणि आक्का डोळे मिटून पायडल मारत होती. उन्हातून आलेलं माणूस पाण्याचा तांब्या तोंडाला लावतं, तसं तिचं तोंड झालं होतं.

बाहेर सोप्यात जीपमधली बाकीची माणसं येऊन टेकत होती. आक्काची सासू हौसाबाई, आक्काचा नवरा म्हणजे आमचे जयसिंग दाजी, आणि मध्यस्थ म्हणून आईचा भाऊ भिकूमामा. आक्काच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि तिची बैठक बसत होती. बैठक म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या गल्लीतल्या तारूची अशीच बैठक बसली आणि ती कायमची माहेरी राहिली. नंतर तिच्या धाकट्या बहिणींना कुणी बघायलासुद्धा आलं नाही.

आणि आमच्या घरात धाकटी मी होते. त्याच आठवड्यात माझं ठरत आलं होतं. पेठेतल्या मुलानं पसंत केलं होतं आणि परवा सुपारी फुटायची होती. नारळ, खण, सुपारी असं सगळं आईनं देवळीत मांडूनही ठेवलं होतं. आक्का परत आली असती तर ते सगळं तिथंच वाळलं असतं.

मी मुळातच तिखट जिभेची. आक्काच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काय केलंस गं तू? ही वरात कशापायी आलीया?"

"काय न्हाई केलं."

"मग?"

"पायापायी." तिनं डोळे उघडले. "दिवस मावळला की पोटऱ्यांत आतनं कायतरी सरपटतंय, शाले. मुंग्या न्हाईत, वात न्हाई. दुखत बी न्हाई. दुखलं असतं तर बरं झालं असतं, सांगाया तरी आलं असतं. उठून चाललं की थांबतंय. बसलं, निजलं की परत सुरू. मग मी उठती. अंगणात जाती, इहिरीपतोर जाती, परत येती."

"हितं असताना तर कधी झालं न्हाई?"

"हितं मशीन हुती की. दिवे लागल्यापास्नं जेवणापतोर मी मशीनवरच असायची. झालं असंल तरी कळलं न्हाई मला."

तेवढ्यात आई दारात आली. "मालन, बाहेर बोलावत्यात," म्हणाली आणि तिथंच उभी राहिली, कधी ह्या पायावर तर कधी त्या पायावर भार देत. आमच्या आईला संध्याकाळी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडायची, घडी घातलेल्या गोधड्या मोडून पुन्हा घडी घालायची, म्हशीला वैरण टाकलीय का बघायला चार वेळा गोठ्यात जायची. गल्लीतल्या सासवा आपल्या सुनांना सांगायच्या, "शेवंताकडनं शिका जरा. दिवेलागणीला बूड टेकत न्हाई बाई." आम्हांला आईचा त्याबद्दल अभिमान होता.

सोप्यात आण्णा भिंतीला टेकून बसले होते. आण्णा मराठी शाळेत मास्तर. वर्गात त्यांचा आवाज चावडीपर्यंत जायचा, पण विहिणीपुढं त्यांचा घसा बसला होता.

हौसाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आमचं जास्ती काय म्हणणं न्हाई, मास्तर. पोरगी कामाला चांगली हाय. खोटं कशाला बोलू? पर तिचा पाय घरात ठरत न्हाई."

ह्या चार शब्दांचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. आण्णांची मान खाली गेली.

"आवो, असं एकदम..." भिकूमामा म्हणाले.

"एकदम कसलं? म्हैनं झालं बघतीया मी. सगळी निजली की ही उठती. इहिरीवर जाती. इहिरीवर काय हाय? शेजारी तर पाटलाच्या गड्यांची खोली हाय. लोकांनी बघितलं तर तोंडात शेण घालतील आमच्या."

दाजी इतका वेळ नखांकडं बघत बसले होते. ते म्हणाले, "रातचं हात लावावा तर जागा रिकामी. मी काय समजायचं, मामा? सांगा तुमीच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रडू होतं. म्हणून तर मला त्या माणसाचा कधी नीट रागही करता आला नाही.

आण्णांनी आक्काकडं बघितलं. "मालन, तू सांग बाळ. काय खरं हाय?"

आक्का कधी खोटं बोलायची नाही. लहानपणी तिनं माझ्या खोड्यासुद्धा खऱ्या सांगून मला मार बसवला होता. ती म्हणाली, "खरं हाय आण्णा. माझं पाय ठरत न्हाईत."

मग हौसाबाईंनी मांडीवर हात मारला. "ऐका! सोताच्या तोंडानं कबूल झाली."

"तसं न्हाई आत्ती! पाय म्हंजे पाय. हे..." आणि सांगता येईना म्हणून आक्कानं वाकून साडी घोट्याच्या वर धरली आणि पोटरीवर बोट ठेवलं. "हितं. हितनं आतनं..."

"साडी सोड खाली!" मामा ओरडले. "बाप्यामाणसांत उभी हाईस. काय लाजलज्जा?"

माझ्यानं राहवलं नाही. "मामा, तिचं पाय ठरत न्हाईत, ती न्हवं! ध्यानात येत न्हाई का तुमच्या?"

"शालन, आत हो," आण्णा म्हणाले.

मी आत झाले, पण उंबऱ्यापर्यंतच. तिथं आई उभी होती. मी तिचा दंड धरला. "आई, तू तरी सांग की. तू बोललीस तर ऐकतील."

आईनं तोंड उघडलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्यावरून तिची नजर देवळीतल्या नारळाकडं गेली आणि तोंड मिटलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "इनबाई, तिच्यासंगं मशीन देतो आमी. मशीन असली म्हंजे घरात बसंल ती."

आक्कानं झटकन मान वर केली. तिच्या तोंडावर आलेली आशा मला आजही दिसते.

"मशीन?" हौसाबाई हसल्या. "आमची सून काय गावाची झंपरं शिवणार? खायला न्हाई व्हय आमच्यात? ते काय न्हाई. मशीन ऱ्हाऊ दे हितंच."

आई उंबऱ्यावरून मागं सरकली.

तोडगा भिकूमामांनी काढला. मामा तोडगे काढण्यात वाकबगार. म्हणाले, "हे बघा, तुटंल एवढं ताणू नका. पोरीच्या पायांत घुंगराचं पैंजण घाला. अंगणात गेली, इहिरीवर गेली, घरभर ऐकू येईल. संशयाला जागा न्हाई. काय इनबाई?"

सगळ्यांचे श्वास मोकळे झाले. दाजीसुद्धा जरा हसले. गळ्यात घंटा बांधली की जनावर हरवत नाही, तसला तो तोडगा. पण संसार मोडला नव्हता आणि माझी सुपारीही वाचली होती. मलासुद्धा बरं वाटलं, कशाला लपवू?

आईच्या पेटीत तिच्या लग्नातले पैंजण होते, दाट घुंगरांचे. आईनंच ते काढून आणले. मशीनच्या स्टुलावर आक्काला बसवून ती खाली वाकली आणि एकेक पैंजण तिच्या पायात अडकवू लागली. मी कंदील धरला होता.

"लई घट्ट नको, आई," आक्का म्हणाली.

आईनं फासा लावला आणि हात काढून घ्यायच्या ऐवजी पोटरीवर ठेवला. अंगठा मागच्या बाजूनं आत दाबला, थोडा खाली सरकवला, पुन्हा दाबला. आक्काचे खांदे एकदम सैल पडले. तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"तुला कसं कळलं, आई? हितंच हुतंय म्हणून?"

आईचा हात थांबला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "च्या ठेवते," म्हणाली आणि आत निघून गेली. सगळ्यांचा चहा तर मघाशीच झाला होता.

जीप निघाली तेव्हा आक्काच्या पायांतली घुंगरं वाजली आणि गल्लीतली पोरं हसली.

माझी सुपारी फुटली आणि लग्नही झालं. आक्का लग्नाला आली तेव्हा तिला दिवस गेले होते. हळद मला लागली होती आणि पिवळी ती दिसत होती. मांडवात ती चालली की छुमछुम आवाज यायचा आणि बायका वळून बघायच्या. अक्षता वाटल्या तर ही आपल्या मुठीतले तांदूळ हळूच तोंडात टाकत होती.

"आक्का, अक्षता टाकायच्या असत्यात, खायच्या न्हाईत," मी म्हटलं.

ती हसली. "कच्चं तांदूळ दिसलं की ऱ्हावत न्हाई गं. पाटीवरची पेन्सिल बी खाती मी चोरून."

"डोहाळं लागलं बाई आगळं," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्याजणी हसल्या.

निघायच्या आधी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "आता पाय कसं हाईत?"

"वाढलंय. पोटात पोर आल्यापास्नं लई वाढलंय." मग खाली बघून म्हणाली, "चाललं की घुंगरं वाजत्यात. आत्तींची झोपमोड हुती. त्या बोलत्यात मग. म्हणून मी उठतच न्हाई आता. पडून ऱ्हाती."

"मग पायांचं काय?"

"दात आवळायचं."

त्यानंतर आक्का मला दिसली ती पांढऱ्या चादरीखाली. बाळंत होताना रक्त गेलं. अंगात आधीच फार कमी होतं, असं डॉक्टरांनी आण्णांना सांगितलं. मूलही राहिलं नाही. आईनं चादर बाजूला करून तिच्या पायांतले पैंजण स्वतःच्या हातानं काढले. घुंगरू वाजू नये म्हणून ती ते मुठीत घट्ट धरून काढत होती. जमलेल्या बायकांतली एक हलक्या आवाजात म्हणाली, "ठरलं बाई पाय एकदाचं." ती कोण होती ते मला कळलं नाही. कळलं असतं तर तिथंच तिच्या झिंज्या उपटल्या असत्या.

आक्काची मशीन पुढं माझ्याकडं आली. तालुक्याच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांचे ब्लाऊज शिवायला लागले. हात चांगला होता आणि जीभ तिखट असूनही गिऱ्हाईक टिकलं. दिवसभर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत पायडल मारायचे. आण्णा गेल्यावर आईला मी माझ्याकडंच आणलं. माझी चाळिशी उलटली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, किती पाय मारतेस? मोटार बसवून घेऊ." बसवली. एका बोटाएवढा दाब दिला की मशीन धावायची. मी पोराचं कोण कौतुक केलं!

महिनाभरातच एका संध्याकाळी टीव्हीपुढं बसले असताना माझ्या पोटरीत आतून काहीतरी सरपटलं.

मी ताडकन उठून उभी राहिले. मला वाटलं, आक्का आली. इतक्या वर्षांनी माझ्या पायांत येऊन बसली आणि म्हणते आहे, बघ, मी खोटं बोलत होते का?

रोज संध्याकाळी तेच. सर्दीची गोळी घेतली त्या दिवशी तर घरात येरझाऱ्या घालून घालून जीव गेला. शेवटी गावात नव्यानंच दवाखाना टाकलेल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. पोरगेलीच होत्या. मी भीत भीत सांगायला लागले, कारण ह्या गोष्टी सांगायला शब्द नसतात हे मला आक्कानं शिकवलं होतं. पण बाईच विचारत गेल्या.

"संध्याकाळीच होतं ना? सकाळी नाही?"

"हो."

"चालल्यावर थांबतं?"

"हो."

"पाळीत अंगावरून फार जातं का? कच्चे तांदूळ, खडू, पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं?"

"मला नाही," मी म्हणाले. "पेन्सिल बहीण खायची."

"अहो, हा आजार आहे, मावशी. भुताखेताचं काही नाही आणि मनाचे खेळही नाहीत. याला नाव आहे. रेस्टलेस लेग्ज म्हणतात. पाय अस्वस्थ होण्याचा आजार." त्यांनी नीट समजावून सांगितलं. अंगातला लोहाचा साठा कमी झाला की हा वाढतो, गरोदरपणात वाढतो, सर्दीच्या काही गोळ्यांनीही वाढतो. रक्त तपासू. साठा कमी निघाला तर लोहाच्या गोळ्या देऊ, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. जेवणावर लगेच चहा बंद. पोटऱ्या चोळायच्या, संध्याकाळी जरा चालायचं. तेवढ्यानं नाही भागलं तर दुसरी औषधं आहेत.

एवढंच होतं. माझी बहीण ज्याच्यापायी बदनाम झाली, घुंगरं बांधून घेऊन दात आवळत पडून राहिली, त्याला एक नाव होतं. मी त्या पोरगेल्या बाईपुढं पदर तोंडात धरून रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "हा पुष्कळदा घराण्यात असतो. बहिणीला होता म्हणता. आईला आहे का?"

"छे," मी डोळे पुसत म्हणाले. "आईला नाही. आमची आई तर संध्याकाळी बसतसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

घरी आले तेव्हा दिवस मावळला होता. आई मागच्या अंगणात होती. सत्तरी गाठलेली, कमरेत वाकलेली, पण तुळशीपासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून तुळशीपर्यंत तिच्या फेऱ्या चालू होत्या. हातात केरसुणी होती, पण अंगणात केराची काडी नव्हती.

"आई, तुझ्या पायांत कधीपास्नं हुतंय?"

ती थांबली. केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

"न्हाण आल्यापास्नं," ती म्हणाली. "माझ्या आईला बी हुतं. तिनंच सांगितलं, कुणाला बोलू नको, घराण्यात खोट हाय म्हणतील. संध्याकाळी काम काढत जा. काम करणाऱ्या बाईला कुणी इचारत न्हाई, का उभी हाईस म्हणून."

"आणि आक्काला?"

"मला वाटलं, तिला न्हाई आलं ते. मशीनवर बसायची की गं गप. बैठकीत तिनं पोटरीवर बोट ठेवलं तवा कळलं मला."

"कळलं आणि गप बसलीस? एक शब्द बोलली असतीस तर..."

"काय बोलायचं हुतं?" आईचा आवाज चिरकला. "मला बी हाय, म्हणून सांगायचं? आईला हाय, थोरलीला हाय, मग धाकटीला कशावरनं नसंल, म्हणाले असते. परवा तुझी सुपारी हुती, शाले. एकीचं मोडत आलं हुतं. दुसरीचं ठरायचं हुतं. मी काय करायचं हुतं?"

मला तिचा संताप आला. आणि संताप करायला मला तोंड नव्हतं, कारण माझं घर, माझा नवरा, माझा पोरगा, सगळं तिच्या त्या गप्प बसण्यावर उभं होतं. मी पायरीवर बसले. बसल्या बसल्या माझ्या पोटऱ्या वळवळायला लागल्या, म्हणून पुन्हा उठले.

"बैठकीत नसतं बोललं तरी चाललं असतं," मी म्हणाले. "पण पैंजण घालताना? तिनं विचारलं हुतं तुला, कसं कळलं म्हणून. तिथं आपण तिघीच हुतो. तिच्या कानात तरी सांगायचं हुतंस. मला बी हाय, एवढंच."

आईचे ओठ हलले. मग ती म्हणाली, "च्या ठेवते," आणि आत गेली.

मी वाट बघत राहिले. गॅस पेटल्याचा आवाज आला नाही, भांडं वाजलं नाही. आत जाऊन बघितलं तर ती ओट्याला दोन्ही हात टेकून, पाठमोरी उभी होती.

माझं रक्त तपासून झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. जेवणावरचा चहा सोडला, मोटारीचा पट्टा काढून पुन्हा पायडल जोडलं. एकदम नाही, पण दोन-तीन महिन्यांत पाय शांत होत गेले. आईचंही रक्त तपासलं. तिचा साठा माझ्याहून कमी निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं कशा राहिल्या हो ह्या? पण होईल कमी, काळजी करू नका."

संध्याकाळी मी गोळी आणि लिंबूपाण्याचा पेला घेऊन मागच्या अंगणात गेले. आई फेऱ्या घालत होती.

"आई, घे. मला उतार पडलाय. तुझं बी पाय ठरतील."

तिनं पेला घेतला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. माझा गोळीचा हात तिनं हळूच मिटवला.

"तिचं न्हाई ठरलं," ती म्हणाली. "माझं कशाला ठरवतीस?"

आणि ती कुंपणाकडं वळली.